पेन्सिलीचा टोला

शिकाऊ वैमानिकांच्या बोटांवर पेन्सिल हाणणारी पौर्णिमा मॅडम आज स्वतःच टोपी घालून बसली होती. टोपी म्हणजे पुढं लांब झापड. बाहेरचं आभाळ दिसत नाही, दिसतात फक्त समोरच्या यंत्रांच्या सुया. त्या सुयांच्या भरवशावर धावपट्टीपर्यंत उतरत यायचं, याला म्हणतात अप्रोच. शिकवताना तिनं असे शेकडो पाहिले होते; पण काठावरून पाहिलेलं पोहणं कोणाला तारतं? शाळेचा नियम रोखठोक होता. शिष्यानं केलेला अप्रोच गुरूच्या नावावर चढत नाही, दर सहा महिन्यांत स्वतःच्या हातचे हवेत. तिचा एक कमी होता आणि मुदत आजच संपत होती. नाही जमला, तर उद्यापासून शिकवणं बंद.

शेजारी, बाहेर नजर ठेवून धोका दिसला की सांगायला, सुगत होता. बार्शीटाकळीचा, तिच्याच हाताखाली शिकून नुकताच शिक्षक झालेला.

अकोल्यावरून वळून विमान अमरावतीकडं निघालं. बडनेऱ्यापाशी गरम हवेचे धक्के सुरू झाले. सुई डावीकडं सरकली, सावरली तर उजवीकडं पळाली. आपण नीटच चाललोय असं अंग सांगत होतं, सुया नाही म्हणत होत्या. पौर्णिमानं अंगाचं ऐकलं. याच चुकीपायी तिनं किती पोरांची बोटं फोडली होती!

सुगत गप्प. हेडफोनमध्ये त्याचा श्वास मात्र जोरजोरात वाजत होता.

"सुगत, बोल ना रे!"

"मॅडम, लय खाली आलो! वर घ्या!"

तिनं टोपी भिरकावली. विजेच्या तारा अगदी विमानाच्या पोटाखाली! इंजिनाला सगळा जोर देऊन तिनं विमान वर काढलं.

"आधी काहून नाही बोलला?"

"तुमाले कसं टोकू? मले वाटलं, तुमच्या ध्यानात असन."

"डोये झाकून बसली होती मी! तुया मानापायी मेलो असतो दोघंई!"

सुगत ओशाळला. "पोचलोच होतो जवळपास. अप्रोच झाला म्हून लिहून टाका मॅडम, कोन पायते?"

क्षणभर तिला मोह झाला, खोटं कशाला बोला. मग त्या तारा आठवल्या. तिनं खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात कोंबली, विमान मागं वळवलं आणि पुन्हा टोपी चढवली.

बडनेऱ्यावर तोच धक्का, तीच सुई. तिचा हात घुटमळला आणि टक्क! पेरांवर असा टोला बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"सुई पाहा, मॅडम!" सुगत ओरडला.

तिनं सुई पाहिली. शेवटपर्यंत पाहिली.

उतरल्यावर नोंद लिहिताना तिला पेन धरवेना.

"लय लागलं का, मॅडम?"

"लागलं. पेन्सिल तुयापाशीच ठेव. सहा महिन्यांनी परत लागन."