दगडाबाईचं मत

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझे बाबा, योसेफ मास्तर, जामखेडपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात शाळा चालवत, आणि शाळेतल्याच एका कपाटात गावची टपालकचेरीही. मंगळवारी टपालाची थैली यायची. ती सोडली की लाखेचा वास वर्गभर पसरायचा. इतकी वर्षं झाली, तो वास अजून माझ्या नाकात आहे.

आणि दर मंगळवारी शाळेच्या पायरीवर दगडाबाई.

"आलं का मास्तर, आमच्या कानिफाचं?"

"वाटेत असेल," बाबा म्हणायचे.

कानिफनाथ तिचा एकुलता एक मुलगा. पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला होता आणि तिकडेच मारला गेला होता. ती खबर देणारा सरकारी कागद टपालातून बाबांच्याच हातात पडला. दगडाबाई तेव्हा विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. तिचा दीर पुंजाराम बाबांच्या पाया पडला: वहिनीला उठून बसू द्या, मग सांगू. ती उठून बसली, चालू लागली, शेतात जाऊ लागली, पण सांगितलं कुणीच नाही. पुढे पेन्शनचे कागद आले, तेव्हा मुलाच्या पगाराचे म्हणून तिचा अंगठा घेतला. त्यानंतर तर सांगणं आणखीच अवघड झालं. मला सगळं ठाऊक होतं. आईने मला बायबलवर हात ठेवून गप्प राहायला लावलं होतं.

सेहेचाळीसच्या अखेरीस आमच्या भागातले असेंब्लीचे सभासद वारले आणि पोटनिवडणूक लागली. उभे राहिले दोघे: खादीवाल्यांचे सहादेवराव आणि शेतकऱ्यांच्या पक्षाचे गोरक्षनाथ वकील. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची असायची; ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. सारा भरणारे, थोडंफार शिकलेले, अशांनाच. ख्रिस्ती लोकांची जागा वेगळी, म्हणून या निवडणुकीत बाबांना मत नव्हतं. गावातल्या बायकांपैकी दोघींचीच नावं यादीत होती: पाटलाची मालनबाई आणि दगडाबाई. मेलेल्या शिपायाच्या पेन्शनवाल्या आईला मताचा हक्क होता.

यादीत तिच्या नावापुढे ते कारणही लिहिलेलं होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं.

सहादेवराव प्रचाराला आले तेव्हा बाबांनी त्यांना बाजूला घेऊन विनवलं, तिच्यापुढे मुलाचं नाव काढू नका. सहादेवराव समजूतदारपणे मान हलवत राहिले.

"नाही काढणार, मास्तर. पण म्हातारी तुमचं ऐकते म्हणे. माझी पिवळी पेटी तेवढी तिला सांगून ठेवा."

बाबांनी आयुष्यात कुणाची बाजू घेतली नव्हती. त्यांनी दगडाबाईला पिवळी पेटी सांगितली. मत कशापायी मिळालं, तर घर तुझ्या नावावर आहे म्हणून, असंही सांगितलं. खरं तर वकिलांनाही तशीच विनंती करायला हवी होती. पण एकाशी सौदा करून बसल्यावर दुसऱ्यापुढे जायची बाबांना लाज वाटली.

दगडाबाईला मात्र कोण अभिमान. ठेवणीतलं लुगडं धुऊन वाळत घातलं. मालनबाई तिला चिडवायची, आता सरकार तुलाच इचारून पानी पिनार. ती हसून म्हणायची, कानिफा आला की सांगते त्याला, तुज्या आईचं नाव मुंबईपातूर गेलं.

मतदान जामखेडला चावडीत होतं. सहादेवरावांनी दोघींसाठी बैलगाडी पाठवली. मी आणि बाबाही त्याच गाडीत बसलो. चावडीपाशी गोरक्षनाथ वकील स्वतः उभे होते. विरोधकांच्या गाडीतून उतरलेली अंगठेबहाद्दर म्हातारी पाहून त्यांनी हरकत घेतली. माणूस वाईट नव्हता, त्यांचं कामच ते होतं.

"या बाईंना मत कशावरून?"

मतदान घेणाऱ्या साहेबांनी यादीचं पान उलटलं आणि इतर कुणाचंही वाचावं तसं मोठ्याने वाचलं. "दगडाबाई. लढाईत मयत शिपाई कानिफनाथ याची आई. पेन्शनवाली."

दगडाबाई रडली नाही. तिने वळून दाराशी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या वहाणांकडे बघत राहिले. वकिलांच्या ध्यानात आलं असावं. माझी हरकत नाही, असं पुटपुटत ते बाजूला झाले. सहादेवराव तेवढ्यात पुढे सरसावले. "चला आई, आत चला."

साहेबांनी मताचा कागद पुढे धरला आणि विचारलं, त्या बाई तुम्हीच ना?

"न्हाई," ती म्हणाली. "माजा कानिफा जित्ता हाय. ती बाई दुसरी कुनी आसंल."

साहेबांनी दोनदा समजावलं. तिने कागदाला हात लावला नाही.

परतताना ती गाडीत बसली नाही. लुगड्याचा ओचा खोचून चार कोस चालत गेली. बाबा आणि मी तिच्या मागे वीस-पंचवीस पावलांवरून चालत होतो. बाबांनी एकदा हाक मारली. ती थांबली, आम्हीही थांबलो, आणि ती पुन्हा चालू लागली.

सहादेवराव निवडून आले. त्यांचं बाबांच्या नावाचं आभाराचं पत्र एका मंगळवारच्या थैलीतून आलं. बाबांनी ते न फोडताच कपाटात टाकलं.

दगडाबाई पुढे नऊ वर्षं जगली. पेन्शनच्या कागदावर तिने पुन्हा अंगठा उठवला नाही. कुणी विचारलंच तर माझा मुलगा लांब आहे, एवढंच सांगायची. मंगळवारी थैली सोडली की बाबा नकळत दाराकडे बघत. ती शाळेवरूनच पाण्याला जायची, घागर डोक्यावर, मान ताठ. पत्र आलं का, असं तिने पुन्हा कधी विचारलं नाही.