आहे त्यात भागवणाऱ्यांची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, एका टोकाला चहाचा डाग पडलेली. मित्रांनो, हल्ली लोकांच्या टी-शर्टवर 'पुरे' असा शब्द दिसतो ना? तो विचार कळव्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर, माझ्या अंगावर वाढला. आज हे कुणाला पटत नाही, म्हणून तर सांगावं लागतंय!

साईनाथ सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. आपल्याला किती लागतं ते ज्याचं त्यानं ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. बोलायचे तसे रटाळच. तरी दर रविवारी माणसं वाढत गेली. सरांना वाटायचं, लोक आपल्या विचारासाठी येतात. मला विचारा! गच्चीवर खुर्चीच नव्हती. सरही माझ्यावर मांडी घालून बसत आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर शेवटी बोलत. घरात ज्यांचं कुणी ऐकत नसे, ती माणसं इथे मोकळी व्हायची.

दुसऱ्या मजल्यावरच्या कलावतीताई एकदा मुलाला, सुशांतला, ओढूनच घेऊन आल्या. त्याच्यासमोर म्हणाल्या, "ह्याला मोठा फ्लॅट हवाय. मला आहे तो पुरे. पण घरी बोलले की म्हणतो, आई, तुला काय कळतं?" सुशांत मान खाली घालून माझे धागे उपसत बसला. त्या दिवशी त्यानं आईचं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. असं करत करत विचार डोंबिवली, टिटवाळ्यापर्यंत पोचला.

मग ठाण्यात हॉल मिळाला. स्टेज आलं, सरांसाठी सोफा आला. मला पाहून सर म्हणाले, "ही आता शोभत नाही. नवा गालिचा घ्या." लोकांना आहे त्यात भागवायला शिकवणाऱ्या माणसाला मी पुरेना! माझी चौपदरी घडी करून पाय पुसायला दारात टाकली.

परवा भाषण चालू असताना कलावतीताई उठून उभ्या राहिल्या. "सर, आता आम्ही कधी बोलायचं?"

'पुरे'चा टी-शर्ट घातलेला सुशांत धावत आला. "आई, खाली बस ना! मध्ये नाही बोलायचं. लोक बघतायत."

त्या बसल्या नाहीत. माझ्यावरून चालत बाहेर गेल्या. मला त्यांनी ओळखलंही नाही. आत टाळ्या वाजत होत्या. फार फसवलं हो सरांनी आम्हा दोघींना.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण बोलायला उठलेल्या माणसाला खाली बसवू नका.