पहिल्या रांगेतलं तिकीट

“डबा आत जाणार नाही, सर.” फाटकावरच्या बाईने श्रीरंग देवस्थळींच्या हातातला स्टीलचा डबा उचलून उलटसुलट पाहिला. “पिशवी आरपार दिसणारी हवी. हे तर उघडल्याशिवाय मला कळणारही नाही.”

“शंकरपाळे आहेत. म्हणजे कुकीज,” श्रीरंग इंग्रजीत म्हणाले. “माझ्या मुलीसाठी.”

मागे रांग चुळबुळायला लागली. डबा ठेवायला परत जावं, तर गाडी पार्किंगच्या कुठल्या मजल्यावर लावली होती ते आठवेपर्यंतच अर्धा सामना संपला असता. श्रीरंगांनी झाकण उघडलं, शंकरपाळे मुठीमुठीने कोटाच्या दोन्ही खिशांत भरले आणि रिकामा डबा तिच्यासमोर ठेवला. बाईला हे चालवून घ्यायची परवानगी नसावी, कारण ती तेवढा वेळ दुसरीकडेच बघत होती. “जाताना घेऊन जा,” ती म्हणाली. डब्यावर ‘सौ. नीला’ असं कोरलेलं होतं. ती अक्षरं तिला वाचता येणार नव्हती, पण डबा तिने जपून बाजूला ठेवला.

श्रीरंगांना अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. अमेरिकेत येऊन त्यांना तेवीस वर्षं झाली होती. त्यातली बहुतेक अटलांटाजवळच्या अल्फारेटात गेली होती, दुसऱ्यांच्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळण्यात. सीझन संपल्यावर बऱ्यापैकी खेळलेल्या कॉलेजांना कुठल्या तरी लांबच्या शहरात बोलावून एक शेवटचा सामना खेळवतात आणि त्याला बोल गेम म्हणतात, हेही त्यांना मुलीमुळे, शिवांगीमुळे कळलं. शिवांगी खेळत नव्हती. ती विद्यापीठाच्या बँडमध्ये झांजा वाजवायची. हाफटाइमला खेळाडू आत गेले की हा तीनशे जणांचा बँड मैदानात उतरायचा.

“बाबा, गेस व्हॉट, आमचा बोल गेम अटलांटाला आहे!” महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला होता.

“अरे वा! मग घरी राहायला येशील?”

“नाही रे, शेड्युल इज क्रेझी. बसने येणार, गेम, बसने परत. तू टीव्हीवर बघ ना. माझा शेवटचा गेम आहे, बाबा. मेमध्ये ग्रॅज्युएशन.”

‘मी येऊ का?’ हे श्रीरंगांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं आणि ती ‘कशाला उगाच, बाबा’ म्हणाली असती, तर मग जाताच आलं नसतं. न विचारता निदान जाण्याची सोय होती. म्हणून ते नेहमीचंच म्हणाले, “जेवतेस ना वेळेवर?”

नीला असताना फोन तिचे असत. मायलेकी तासतास बोलत आणि हे पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर. नीला गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि बापलेकीला बोलायला विषय उरला नाही. उरला तो एक हाफटाइम. नीला प्रत्येक सामना बघायची, म्हणून तिच्यामागे हेही टीव्हीसमोर बसायला लागले. पहिल्याच सामन्यात त्यांच्या लक्षात आलं की हाफटाइम झाला की टीव्हीवाले पिकअप ट्रकच्या जाहिराती लावतात आणि कोट घातलेली चार माणसं टेबलाभोवती बसून चर्चा करतात. बँड दाखवतच नाहीत. आधी वाटलं, आपलंच चॅनेल चुकलं असणार. सामना संपला आणि फोन वाजला. “बघितलंस, बाबा?” तिच्या आवाजात इतका आनंद होता की हे म्हणाले, “हो तर! मस्त वाजवलंस.” एक खोटं पचवायला दुसरं लागतं, तसं मग दोन वर्षं ते दर सामन्यानंतर मस्त वाजवलंस म्हणत राहिले. आज शेवटचा सामना होता. एकदा तरी खरोखर बघून हो म्हणायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तिकीट त्यांनी पहिल्या रांगेतलं काढलं. पुण्यात असताना नीलाचा दंडक होता, नाटक बघायचं तर पुढून, नाहीतर घरी बसून आमटी-भात खायचा. संगणकावर स्टेडियमच्या नकाशात मैदानाला अगदी चिकटलेली एक खुर्ची मोकळी दिसली, तेव्हा श्रीरंगांना लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं.

खुर्चीवर बसल्यावर समोर काय दिसलं, तर पाठी. राखीव खेळाडू कडेला भिंतीसारखे उभे. शिवांगीच्या विद्यापीठाचा रंग मरून, आणि या भिंतीचा रंग हिरवा. आजूबाजूची माणसंही हिरवी. शेजारच्या म्हाताऱ्याने तर दाढीही हिरवी रंगवली होती.

“डेल,” त्याने पंजा पुढे केला. “तुमचा पोरगा कितवा नंबर?”

“पोरगा नाही, मुलगी. बँडमध्ये आहे. झांजा वाजवते.” आणि मग खालच्या आवाजात, “त्यांच्या बँडमध्ये.”

डेलने आधी त्यांच्याकडे, मग समोरच्या मरून बाजूकडे पाहिलं आणि खो खो हसला. “शत्रूचा बाप आमच्यात! आणि पहिल्या रांगेत?” मग त्याचं हसू हळूच ओसरलं. “पण मित्रा, बँड तोंड करतो पलीकडे. त्यांची माणसं तिकडे आहेत. आपल्याला त्यांच्या पाठी बघायच्या. शिवाय हे लोक मैदानावर मोठमोठी अक्षरं काढतात, ती कळतात वर बसलेल्यांना. इथून नुसते पायच पाय.”

श्रीरंगांनी खिशातून मूठभर शंकरपाळे काढून डेलपुढे धरले. आयुष्यात पहिल्यांदाच तळलेले, एकेक दगडासारखा. डेलने दोन तोंडात टाकले, बराच वेळ चावले आणि पुन्हा हात पुढे केला. एवढ्या हजारो माणसांत आपण चुकीच्या बाजूला येऊन बसलो, आणि चूक सांगून हसायला जी हवी होती ती नाही. नीला आज पोट धरधरून हसली असती.

हाफटाइम झाला. हिरवी भिंत आत गेली आणि मैदान एकदम मोकळं झालं. मरून डगले, उंच टोप्या, वर पांढरे तुरे. बँड खरोखरच पलीकडे तोंड करून उभा राहिला. तीनशे पाठी, सगळ्या सारख्या. पण ढोल आणि झांजांची ओळ अगदी मागे, म्हणजे श्रीरंगांपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली. झांजावाल्या पोरी शेजारीशेजारी. केस टोप्यांत खोचलेले, खांदे ताठ. यातली आपली कोणती? बापाला पोटची पोर ओळखू येईना, यासारखी शरम नाही. ते एकेका पाठीवरून नजर फिरवत राहिले.

सुरावट चढत गेली, झांजा वर झाल्या, आणि त्या क्षणी उजवीकडच्या पोरीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. बाकी कुणाच्याच नाही.

शिवांगी पाच वर्षांची होती. इथल्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. आरतीला पुढे मोठ्या माणसांच्या पाठींची भिंत. हिला मूर्ती दिसायची नाही, म्हणून ही तळहाताहून मोठ्या झांजा घेऊन प्रत्येक ठोक्याला चवड्यांवर उभी राहायची. नीला म्हणायची, “अगं, टाचा टेक, पडशील.” ती कधी पडली नाही आणि टाचाही कधी टेकल्या नाहीत.

“ती!” श्रीरंग उठून उभे राहिले. “ती बघा, उजवीकडची! शिवांगी!”

डेलने हिरव्या दाढीतून आरोळी ठोकली. मग त्याच्या मागच्या रांगेनेही. निम्मी हिरवी बाजू शत्रूच्या झांजवालीचं नाव वाटेल तसं ओरडत होती. तिने वळून पाहिलं नाही. ढोल कानाशी असताना तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. श्रीरंग शेवटपर्यंत तिच्या टाचा बघत उभे राहिले. मग बँड वाजतगाजत पलीकडे निघून गेला आणि तीनशे तुऱ्यांत तिचा तुरा मिसळला.

सामना हिरव्यांनी जिंकला. डेलने श्रीरंगांच्या खांद्यावर हात ठेवून माफी मागितली. खिशांत आता फक्त चुरा होता.

डबा घेऊन ते बाहेर आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. बँडच्या बसगाड्या त्याच रस्त्याने बाहेर पडत होत्या. पोलिसाने माणसांना कठड्याआड थांबवलं होतं. फोन वाजला.

“हरलो, बाबा. बघितलंस?”

“बघितलं.”

“हाफटाइम?”

“तोही बघितला. अजून आरतीसारख्या टाचा उचलतेस.”

पलीकडे पोरांचा गलका होता. “टीव्हीवर टाचा दाखवल्या?”

“टीव्हीवर तुम्हाला दाखवतच नाहीत, बाळा.”

“आय नो. आईने फर्स्ट इयरलाच सांगितलं होतं.”

“मग दर वेळी विचारायचीस कशाला?”

“तू हो म्हणायचास म्हणून.” तिने नाक ओढलं. “बाबा, वेअर आर यू?”

“बाहेर. तुमच्या बस जातायत त्या रस्त्यावर.”

“तू आलास? मला सांगितलं का नाहीस? पेरेंट्सचे पास होते, बाबा, आमच्या साइडचे! मी विचारलं नाही, आय थॉट तुला बोअर होईल.”

“मी आपला पुढे बसलो होतो. नाटकासारखा.”

ती हसली की रडली, ते कळलं नाही. “बस थांबवत नाहीत रे. मी खिडकीत आहे. हात करतेय. दिसतेय?”

समोरून एकामागून एक बस जात होत्या. सगळ्यांच्या काचा काळ्या, आणि काळ्या काचांत रस्त्याचे दिवे तेवढे दिसत होते. श्रीरंगांनी हात वर केला. “हो, दिसतेस की.”

“खोटारडा,” ती म्हणाली. “आमची बस अजून वळलीपण नाही.”

आणखी दोन बस समोरून गेल्या.

“आता वळतेय. बाबा, कुठेयस? ओह. ओह, दिसलास! हातात आईचा डबा आहे ना?”

कोणत्या बसमधून, कोणत्या काचेआडून, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी डबा डोक्यावर धरला आणि येणाऱ्या प्रत्येक बसला तो हलवून दाखवला. फोन केव्हा तरी कट झाला होता. शेवटची बस वळून दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. डब्यात काही नव्हतं. तरी झाकण नीट बसलंय ना, ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि गाडी कुठे लावली होती ते आठवत पार्किंगकडे निघाले.