काचेआडचे साहेब

ट्रॅफिक हवालदाराने उजवीकडच्या काचेवर बोटाने टकटक केली आणि आत कोण आहे हे न बघताच फर्मावलं, "भाईसाहब, शीशा नीचे कीजिए." बघणार तरी कसा? काच तव्यासारखी काळी होती. ती खाली गेली, तेव्हा स्टिअरिंगमागे नथ घालून, जरीकाठी साडी नेसून बसलेल्या कुसुमावतीबाई निघाल्या.

"आंटीजी, गाड़ी आप चला रही हैं?"

"हां जी," कुसुमावतीबाई म्हणाल्या. शेजारच्या सीटवर श्यामकांतरावांनी तोंड फिरवलं.

काळ्या काचांचं खूळ त्यांचंच. केंद्र सरकारच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं आणि नवरा-बायको गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेले. तिथे साधी भाजी आणायची तरी बस नाही. मुलगा चिन्मय याला बंगलोरला परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि तो आपली मारुती इथेच ठेवून गेला. श्यामकांतराव मोठ्या तोऱ्यात गाडी शिकायला बसले आणि सोसायटीचं फाटक पाडून उतरले. त्यानंतर त्यांनी किल्लीला हात लावला नाही. शिकल्या त्या कुसुमावतीबाई, आणि झक्क शिकल्या.

मागच्या संक्रांतीला जुन्या शेजारणीकडे, विजयालक्ष्मीकडे, हळदीकुंकवाला गाडी आणली ती त्यांनीच. पण श्यामकांतरावांनी कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथपाशीच थांबायला लावलं आणि दोघं चालत गेली. गाडीने आल्याचं कळताच दारात बायकांनी विचारलं, "भावजी, हायवेला ट्रकवाले फार त्रास देतात ना?" यावर या गृहस्थांनी ट्रकला ओव्हरटेक कसं करावं याचं चांगलं व्याख्यान दिलं. कुसुमावतीबाईंनी तिळगूळ तोंडात टाकला आणि गोड बोलल्या, म्हणजे काहीच बोलल्या नाहीत. पण ते जिव्हारी लागलं होतं. क्वार्टर सोडताना "तिकडे जंगलात तुझं कसं व्हायचं गं" म्हणून डोळे पुसणाऱ्या याच बायका. त्यांनी एकदा आपल्याला गाडी चालवत दारात येताना बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

उन्हाने हात भाजतो म्हणून फिल्म लावू, असं कुसुमावतीबाईच म्हणाल्या होत्या. पण फिकी, कायद्यात बसणारी. त्या भजनाला गेलेल्या बघून श्यामकांतरावांनी माणूस घरी बोलावला आणि असेल तेवढी काळी फिल्म लावून घेतली. दिल्लीत बड्या लोकांच्या गाड्या अशाच असतात म्हणे. बडे लोक कसले, आणि काय कसले! बायको चालवते आणि आपण डावीकडे बसतो, हे कुणाच्या नजरेला पडू नये, एवढाच मामला होता. कुसुमावतीबाईंनी तो पहिल्याच दिवशी ओळखला होता.

बाजूच्या काचांतून निम्मा तरी उजेड आत आला पाहिजे, पुढच्या-मागच्या काचांतून त्याहून जास्त, असं हवालदाराने समजावून सांगितलं. चलान तर होईलच, शिवाय फिल्म इथेच उतरवायची.

"अगं, सांग ना त्याला," श्यामकांतराव कुजबुजले. "हळदीकुंकवाला जायचंय म्हणावं. उद्या काढू."

गळ घालणं कुसुमावतीबाईंच्या हातचा मळ होता. सरोजिनी नगरच्या बाजारातले भलेभले दुकानदार त्यांनी नमवले होते. आज मात्र त्यांनी काच वर केली आणि तिच्या कोपऱ्यात नख घातलं. फिल्म चर्रकन निघाली. मग उतरून त्यांनी मागच्या काचांचीही काढली. उरली फक्त डावीकडची.

"ती तुमची तुम्ही काढा. मी हात लावणार नाही."

श्यामकांतराव बसून राहिले. बाजाराला आलेली माणसं जाता-येता आत डोकावत होती. मग त्यांनी खाली मान घालून काढायला सुरुवात केली. फिल्म तुकड्या-तुकड्यांनी निघाली, डिंकाचे पट्टे काचेवर तसेच राहिले.

चलान भरून निघाल्यावर थोड्या वेळाने दुधाचा बूथ आला. सवयीने कुसुमावतीबाईंचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नकोस," श्यामकांतराव समोर बघत म्हणाले. "दारात घे."

विजयालक्ष्मीच्या दारात बायका जमल्या होत्या. जागा होती दोन स्कूटरींच्या मधे, जेमतेम. श्यामकांतराव उतरले, गाडीमागे जाऊन उभे राहिले आणि भर गल्लीत हात हलवत म्हणू लागले, "आने दो, आने दो... बस." गाडी पहिल्याच फटक्यात बसली.

"भावजी, गाडी हिने आणली?" विजयालक्ष्मीने विचारलं.

"मागच्या वर्षीही हिनेच आणली होती," श्यामकांतराव म्हणाले. "मला येत नाही."

कुसुमावतीबाईंचे डोळे भरून आले. हळदीकुंकू लावून होईपर्यंत बायकांनी त्यांना गराडाच घातला, आणि ट्रकवाल्यांचं या वेळी त्यांना विचारलं. त्यांनीही हातचं न राखता सगळं सांगितलं. बोलता बोलता त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. श्यामकांतराव रुमाल ओला करून आपल्या बाजूची काच पुसत होते. डिंकाचा एक पट्टा काही केल्या जाईना, म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते पुन्हा घासू लागले.