दाखवलेला वॉर्ड

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता ओडील मिशो पोटुशा बायकांना आणि त्यांच्या नवऱ्यांना बाळंतपणाचा वॉर्ड दाखवायची. एकोणीस वर्षं हे काम तिच्याकडे होतं, आणि तिने ते कुणाला करू दिलं नव्हतं. सेंत अमाब्ल गावचं हॉस्पिटल टेकडीवर, खाली नदी, नदीपलीकडे कॅनडा. गावातल्या निम्म्या पोरांना जगात आल्यावर पहिला हात लागला तो ओडीलचा. पंचविशीच्या आतले सगळे तिला ‘तांत ओडील’ म्हणायचे. त्या खोऱ्यात आईच्या वयाची प्रत्येक बाई मावशीच, म्हणजे तांतच.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारच्या दोन दिवस आधी साहेबांनी वॉर्डातल्या सहाही नर्सना वर बोलावलं. साहेब म्हणजे हॉस्पिटलचा व्यवस्थापक व्हिटकॉम. दक्षिणेकडून आलेला, नीटनेटका, आवाज कधीही न चढवणारा माणूस. एकतीस जानेवारीला वॉर्ड बंद होणार, त्याने सांगितलं. वर्षाला साठसुद्धा बाळंतपणं होत नाहीत, डॉक्टर मिळत नाहीत, वरून निर्णय झालाय. लोकांना सांगायचं ते नाताळ उरकल्यावर, रीतसर. तोवर बाहेर एक अक्षर जाता कामा नये. जी बोलेल तिला दुसऱ्या विभागात जागा मिळणार नाही.

“मग परवाचं दाखवणं रद्द करते,” ओडील म्हणाली.

“रद्द केलंत तर लोक विचारतील का ते. नेहमीसारखं दाखवा.”

“साहेब, परवा येणाऱ्यातल्या कितीतरी जणींचे दिवस फेब्रुवारीत भरताहेत. त्यांना काय दाखवू?”

“जे आहे ते दाखवा. शनिवारी ते आहेच की,” व्हिटकॉम म्हणाला.

ओडीलच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिचा नवरा ल्युसियाँ तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत भुसा खाऊन आता नाकात नळी घालून खिडकीशी बसायचा. त्याची औषधं तिच्या नोकरीच्या विम्यावर चालायची. घरी येऊन तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बोलून टाक. आणि मग त्याचंच कसं व्हायचं?

शनिवारी पाच जोडपी आली. त्यातली एक रेने डुबे, चोवीस वर्षांची, सडपातळ; पोट तेवढं पुढे. आई नव्हती तिला. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने गेली. हॉस्पिटलच्या वासानेच तिला घाम फुटायचा, म्हणून ती आधी जागा बघून ठेवायला आली होती. नवरा कोल्बी बटाट्याच्या कारखान्यात कामाला. तो बायकोच्या मागे टोपी चुरगाळत चालला होता, आणि त्याची आई बेर्त, ओडीलची शाळेपासूनची मैत्रीण, न बोलावता आली होती.

“गाय काय आधी गोठा बघून येते का विण्याआधी?” कोल्बी हळूच म्हणाला.

“तू गप रे,” बेर्त म्हणाली. “तुझ्या वेळी मला वॉर्ड दिसला तो पाय वर केल्यावर. छत दिसलं, बाकी काही नाही. बघू दे तिला.”

सगळे हसले. ओडीलही हसली. व्हिटकॉमची मदतनीस बाई हातात वही घेऊन पाठीमागून चालत होती. ती आजवर कधी आली नव्हती.

ओडीलने दाखवलं. बाजूचं दार, घंटा, लिफ्ट, चार खोल्या, प्रत्येक खोलीतून दिसणारी नदी. खालीवर होणारा पलंग तिने स्वतः कळ दाबून खालीवर केला. बाळाला ऊब देणारा दिवा लावून दाखवला. तोंड आपोआप चालत होतं. “इथे बाळाचं वजन होईल. इथे बाबा झोपतील, घोरले तर बाहेर काढू.” एकोणीस वर्षांचे तेच विनोद, तेच हसणारे चेहरे.

रेने मात्र हसत नव्हती, पाठ करत होती. दारापासून खोलीपर्यंत तिने मनात पावलं मोजली. सगळे पुढे गेल्यावर ती तिसऱ्या खोलीत मागे राहिली आणि ओडीलला म्हणाली, “तांत ओडील, माझी बहीण जोएल शहरात असते ना. तिथल्या हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर. ती म्हणतेय, शेवटचा महिना माझ्याकडेच ये, खोली रिकामी आहे. मी अजून काही ठरवलं नाहीये. म्हटलं, आधी इथलं बघू.”

“तारीख कधीची आहे?”

“बारा फेब्रुवारी.”

ओडीलने हातातल्या कागदावर तारीख लिहिली. सवयच होती. लिहून झाल्यावर पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं. ‘बहिणीकडे जा’ एवढं म्हणायचं होतं. त्यात काही फुटलं नसतं. बहिणीकडे जा, शहरात बरे डॉक्टर आहेत, बस्स. दारात वहीवाली बाई उभी होती.

“इथे तुम्ही असाल ना?” रेनेने विचारलं. “तुम्ही असाल तर मी कुठे जात नाही.”

“असेन की,” ओडील म्हणाली. “मी कुठे जाणार?”

रेनेने तिचा हात दाबला. त्याच संध्याकाळी तिने बहिणीला फोन करून येत नसल्याचं सांगून टाकलं.

बातमी फुटली ती वीस जानेवारीला, गावच्या साप्ताहिकात, पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात. गाव पेटलं. चर्चच्या सभागृहात बैठक झाली, कुणी सह्या गोळा केल्या, कुणी व्हिटकॉमच्या गाडीवर बटाटे फेकले. नर्सनाही आत्ताच कळलं असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. ओडीलला तर लोकांनी रस्त्यात मिठी मारली. बेर्त घरी पातेलंभर कोंबडीचा रस्सा आणि कुट्टूच्या पिठाची धिरडी घेऊन आली. “एकोणीस वर्षं राबवलं आणि असं हाकलतात,” म्हणाली. ओडीलने धिरडी ठेवून घेतली.

रेनेने धावपळ करून शहरातल्या हॉस्पिटलात नाव घातलं. जोएलची खोली मात्र तोवर गेली होती. जोएलची सासू खुबा मोडून तिथे येऊन पडली होती. शहरातला डॉक्टर म्हणाला, कळा सुरू झाल्या की लगेच निघा, दोन तास धरून चाला. शंभर मैल होते. उन्हाळ्यात दोन तास.

एक फेब्रुवारीपासून ओडीलला वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात घातलं. चार तारखेला दुपारी दोन वाजता ती एका आजोबांना सूप भरवत असताना खालून बोलावणं आलं. सकाळपासून बर्फ पडत होतं. खाली तातडीच्या विभागात रेने कुशीवर पडली होती आणि कोल्बी भिंतीला टेकून उभा होता. घरातून निघून मैलभर गेले नाहीत तोच पाणी फुटलं आणि कळा एकीमागून एक यायला लागल्या, म्हणून त्याने गाडी इकडे फिरवली होती. करारावर आलेला तरुण डॉक्टर घामाघूम झाला होता. बाळ मोठं दिसतंय, वेळ आली तर पोट उघडणारं इथे कुणी नाही, शहरात हलवणंच बरं, असं त्याने ठरवलं होतं.

“वाटेत होईल हे,” ओडील म्हणाली.

“इथे काही बिघडलं तर माझ्याकडे काहीच नाही,” तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. बाळंतपणाच्या वॉर्डातले चारही पलंग वॉर्ड बंद होताच ट्रकमध्ये घालून नेले होते. “तुम्ही सोबत जाल का?”

रेनेने मान वळवून तिला पाहिलं आणि रडायलाच लागली. “आलात तुम्ही.”

रुग्णवाहिका नॉर्माँ चालवत होता. मागे ओडील आणि टेसा नावाची एक मुलगी, शिक्षण संपून आठ महिने झालेली. कोल्बी पुढे बसला. समोर बर्फ काढणारा ट्रक, त्याच्या मागून बैलगाडीच्या चालीने हे. चौतीस मैल गेले तेव्हा रेने ओरडली आणि ओडीलने काचेवर थाप मारून गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला कुणाचं तरी बटाट्याचं कोठार होतं, दारापर्यंत बर्फात बुडालेलं.

डोकं आलं आणि परत आत ओढल्यासारखं झालं. खांदा अडकला होता. ओडीलने आयुष्यात हे अकरा वेळा पाहिलं होतं आणि काय करायचं ते तिला झोपेतही ठाऊक होतं. दोघींनी दोन पाय छातीपर्यंत वर दाबायचे, तिसरीने ओटीपोटावरून दाब द्यायचा, चौथ्या माणसाने खाली बाळ फिरवायचं. इथे ती होती आणि टेसा होती. हातभर रुंदीचं स्ट्रेचर, आणि गुडघा टेकायला जागा नाही.

“टेसा, इथे दाब. इथे गं! हाडाच्या वर. रडू नकोस, दाब!”

चार मिनिटं गेली. पाचवं संपायच्या आत तिने आत हात घालून बाळ वळवलं, आणि काहीतरी बारीक मोडल्यासारखं तिच्या बोटांना जाणवलं. मुलगी बाहेर आली ती निळी. मग गुलाबी झाली, मग रडली. पुढच्या काचेला कपाळ लावून कोल्बीही रडत होता. ओडीलने लेकराला आईच्या छातीवर ठेवलं तेव्हा डावा हात आईच्या गळ्याशी मूठ वळत होता. उजवा चिंधीसारखा लोंबत होता.

“तुम्ही म्हणाला होतात, असेन म्हणून,” रेने पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. “आणि होतात.”

मुलीचं नाव त्यांनी मिरेय ओडील ठेवलं.

मार्चमध्ये व्हिटकॉमने ओडीलला वर बोलावून स्वतः उठून खुर्ची दिली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या जेवणघरात छोटा कार्यक्रम करायचा होता. तिला मानपत्र, नॉर्माँ आणि टेसाला फुलं, वार्ताहर येणार, आई आणि बाळाबरोबर फोटो. “लोकांच्या मनात उगाच भीती बसलीय,” तो म्हणाला. “वॉर्ड नसला तरी आपली व्यवस्था किती सुरक्षित आहे, हे तुमच्यामुळे दिसलं. रेनेबाई येते म्हणाल्यात.”

“बाळाचा हात हलत नाही, साहेब.”

“ऐकलं मी. वाईट वाटलं. पण जीव वाचला ना?”

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ओडील थेट डुब्यांच्या घरी गेली. कोल्बी कामावर होता. रेने स्वयंपाकघरात टेबलावर घोंगडी पसरून मुलीच्या हाताला व्यायाम देत होती. खांद्यापासून वर, बाहेर, परत खाली. दिवसातून सहा वेळा. तिने हसून खुर्ची सरकवली, कॉफी ठेवू का विचारलं.

“नको. मला सांगायचंय काहीतरी. त्या कार्यक्रमाआधी.” ओडील उभीच राहिली. “डिसेंबरात मी वॉर्ड दाखवला ना, तेव्हा मला माहीत होतं. दोन दिवस आधी सांगितलं होतं आम्हाला.”

रेनेचे हात थांबले नाहीत. वर, बाहेर, खाली.

“काय माहीत होतं?”

“बंद होणार ते. तारखेसकट.”

“मी तुम्हाला जोएलचं सांगितलं होतं. त्या खोलीत.”

“हो.”

“तुम्ही माझी तारीख विचारलीत. मी सांगितली, तुम्ही लिहून घेतलीत.”

“हो.”

“आणि म्हणालात, मी कुठे जाणार.”

“ल्युसियाँची औषधं...” ओडील म्हणाली आणि थांबली. हे कारण खरं होतं, पण सगळं तेवढंच नव्हतं, आणि आता अर्धवट सांगायला ती आली नव्हती. “नोकरीची भीती होती. पण बहिणीकडे जा, एवढं म्हणता आलं असतं मला. तू म्हणालीस, तुम्ही असाल तर मी कुठे जात नाही. ते ऐकायला बरं वाटलं गं. म्हणून तुला जा म्हणाले नाही.”

रेनेने मुलीचा हात हळूच खाली ठेवला, घोंगडीत गुंडाळून तिला उचललं. तिला घेऊन ती खिडकीशी गेली.

“मी वॉर्ड बघायला आलेच नसते तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “घाबरले असते, पण शहरात घाबरले असते. तुम्ही मला पलंग खालीवर करून दाखवलात, तांत.” मग ती वळली. “मिसेस मिशो, दार ओढून घ्या जाताना. थंडी येते.”

कार्यक्रमाला ओडील गेली नाही. कळवलंही नाही. व्हिटकॉमने तिचं मानपत्र नॉर्माँच्या हाती देऊन फोटो काढला. फोटोत ना आई होती, ना बाळ. जूनमध्ये मुलीचा बाप्तिस्मा झाला, चर्चच्या पत्रकात नाव छापून आलं: मिरेय जोएल डुबे. व्हिटकॉमची त्याच महिन्यात दुसरीकडे मोठ्या जागेवर बदली झाली. ओडीलला कुणी काढलं नाही. तिने जे सांगितलं ते रेनेने कोल्बीला आणि सासूला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.

जुलैत दुकानात डबाबंद खाण्याच्या फळ्यांशी बेर्त समोर आली. ओडीलला वाटलं, ही तोंड फिरवेल. बेर्त सामानाची ढकलगाडी आडवी लावून उभी राहिली.

“हलकं वाटलं का गं तुला सांगून?”

“नाही.”

“मग कशाला सांगितलंस? आई नाही त्या पोरीला. त्या गाडीत कुणीतरी आपलं होतं, एवढ्यावर ती रात्री झोपत होती. तेवढं एक होतं तिच्याकडे. तेही जाऊन काढून घेतलंस.”

“खोटं होतं ते, बेर्त.”

“असेल. सांगायचंच होतं तर डिसेंबरात सांगायचं होतंस. तेव्हा उपयोग होता. नाहीतर मेल्यावर देवाला सांगायचं. मधल्या मधे तिला का?”

ओडीलने फळीवरचा एक डबा उचलला. “हात कसा आहे?” तिने विचारलं.

“कोपरात वाकतो आता थोडा. वर जात नाही. मोठा डॉक्टर म्हणतो, वर्षाची झाली की ऑपरेशन करून बघू.” बेर्तने गाडी सरळ केली. “ती डाव्या हाताने सगळं धरते. हुशार आहे.” आणि ती पावाच्या फळ्यांकडे निघून गेली.

ओडील घरी आली. ल्युसियाँने खिडकीशी बसल्या बसल्या विचारलं, एवढा वेळ लागला, कोण भेटलं? ओडीलने पिशवीतले डबे एकेक करून फळीवर लावले आणि म्हणाली, कुणी नाही.