पाच केबिनांतल्या हिरव्या पट्ट्या

आमच्या साखर कारखान्यातला युनिक्सचा जुना संगणक माझ्या नोकरीपेक्षा थोडासाच लहान आहे. उमापूरकडून उसाच्या बैलगाड्या आल्या की त्यांना नंबर द्यायचा आणि काट्यावरचं वजन नोंदवून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. ते त्यानं कुरकुर न करता केलं. कुरकुर मी करतो, कारण त्याला सांभाळणारा मी एकटा आणि आता मी खरोखर थकलोय.

त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट मी उघडी ठेवतो. तीत हिरव्या पट्ट्या वरखाली होत असतात. मशीनच्या डोक्यावर किती ताण आहे, मेमरी किती भरली, डिस्क किती राबतेय, सगळं त्यात दिसतं. पट्टी वर चढून तांबडी झाली की समजायचं, मशीन दमलं. मी अधूनमधून नजर टाकतो आणि कामाला लागतो. पण ते दिसतं फार छान, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

यंदा गळीत हंगामाची मोळी टाकायच्या दिवशी चेअरमन अर्जुनराव मशीनला हार घालायला आले. नाचणाऱ्या पट्ट्या बघून खूश झाले. "शिवशंकरराव, हे आमच्या केबिनमधी बी दिसलं पायजे. बसल्या जागी कळंल, कारखाना कसा चाललाय ते."

मी त्यांच्या केबिनमधल्या संगणकापर्यंत वायर ओढून दिली. लगेच विरोधी गटाचे संचालक भगवानराव हजर. "त्यांच्या केबिनमधी हाय, मग आमच्या कावून न्हाई? आमी काय निवडून आलो न्हाई का?"

त्यांनाही दिली. मग व्हाइस चेअरमन, मग एमडी, मग शेतकी अधिकारी. आमच्याकडं पंगतीत शेजारच्याला लाडू मोठा गेला तरी माणूस ताट सारून उठतो, तिथं नाही म्हणणारा मी कोण? पाच केबिनांत पट्ट्या नाचू लागल्या. बघत कुणीच नव्हतं. पण एखादी बंद पडली असती तर मान गेला असता.

त्याच दिवसांत माझ्या बायकोचं, मनिषाचं, पोटाचं ऑपरेशन झालं. ती घरी आली आणि घराची जत्रा झाली. आजाऱ्याला भेटून आलं नाही तर आमच्याकडं जन्मभर ऐकावं लागतं. एके दिवशी संध्याकाळी तिला बीडला डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून मी लवकर निघणार होतो. नेमका त्याच दुपारी काटा अडला.

फोन केला तर ती म्हणाली, "बरं हाय मला. आज न्हाई तर उद्या जाऊ. तुमचं आटपू द्या." मागं बायकांचा गलका चालला होता. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

बाहेर गाड्यांची रांग वाढत गेली. रामहरी नावाचा गाडीवान खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याचे बैल सकाळपासून जुवाखाली होते.

"सायेब, नंबर लागलाय, पर काटा वजनच घेईना. मशनीला झालंय तरी काय?"

"दमलंय."

"दमंल न्हाई तर काय. पर कशानं दमलं, ते बघा की."

मी बघितलं. कुठलं काम मशीनला किती खातंय, याची यादी पडद्यावर काढली. वजनाचं काम तळाशी कुठंतरी होतं. वर पाच ओळी एकसारख्या, त्या पाच पट्ट्यांच्या. पाच केबिना सारख्या विचारत होत्या, कसं चाललंय, कसं चाललंय, आणि ते बिचारं प्रत्येकाला उत्तर देत बसलं होतं. वजनाला त्यानं वेळ आणायचा कुठून? नाकापेक्षा मोती जड झाला होता. मला असा संताप आला की पाचही केबिनांच्या वायरी उपटून टाकल्या.

काटा धडाधड चालू झाला. आणि तसाच माझा फोनही.

"माझीच पट्टी कावून बंद केली?" भगवानराव कडाडले. "चेअरमननं सांगितलं ना?"

तो ठेवतोय तोवर अर्जुनराव. "शिवशंकरराव, भगवानरावाला चालू आन आमाला बंद?"

समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. आदल्या दिवशीचे आकडे मशीननं साठवलेले होते. ते प्रत्येक केबिनमधल्या संगणकावर नेऊन टाकले आणि पट्ट्या त्याच आकड्यांवर चालवल्या. कालच्या पट्ट्या आज नाचू लागल्या. माझ्या मशीनला आता कुणी काही विचारत नव्हतं.

"आत्ता कसं!" भगवानराव म्हणाले. "झ्याक चाललंय मशीन."

"झ्याक, साहेब."

रामहरीची गाडी रिकामी होऊन गेली, रांग ओसरली, तसा मी निघालो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भेटायला आलेल्या केशरबाई मावशी चपला घालता घालता विचारत होत्या, "आता कसं वाटतंय गं?"

"बरं हाय, मावशी."

शेजारच्या सावित्रीबाईंनी विचारलं. "बरं हाय."

तोच सूर, तेच शब्द. मीही रोज दारातून हेच विचारतो, हेच ऐकतो आणि हातपाय धुवायला जातो. त्या दिवशी मात्र ते ऐकून मी दारातच थांबलो. हे आजचं उत्तर नव्हतं. ती घरी आली तेव्हाचं होतं, आणि तेव्हापासून सगळ्यांना तेच चाललं होतं.

बायका गेल्यावर मी दार लावून घेतलं. काही विचारलं नाही. तिच्या पायाशी खाटेवर बसून राहिलो.

मग ती आढ्याकडं बघत म्हणाली, "टाक्यापाशी लई दुखतंय वो."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आले तवापासून. रोज इतकी माणसं इचारत्यात. कुणाकुणाला सांगत बसू?"

"अगं, मला तरी सांगायचंस."

तिनं डोळे मिटले. "तुमी बी त्यांच्यातच उभं राहून इचारायचे."

मी डॉक्टरांना फोन लावला, आम्ही निघालोय, थांबा म्हणालो, आणि खाटेखाली वाकून तिच्या चपला शोधू लागलो.