दोघींपैकी उरलेली

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. परसात पडून असते आणि येणारेजाणारे माझ्यावर चपला झटकतात. तुम्हीही खुशाल झटका, पण तेवढ्यात माझे ऐकून घ्या.

पाथरवटाने मला घडवताना इतके घाव घातले की दया हा शब्द मी फार उशिरा शिकले. मग मी एका ख्रिस्ती घरात आले. तिथे दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. माझा वरचा दगड भलताच जड, म्हणून दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरत आणि मला फिरवत. थोरलीची प्रार्थना कधी चुकली नाही. धाकटी मात्र उपदेश लांबला की पेंगायची. माझ्या पिठाची गल्लीभर वाहवा होती आणि मी फुशारून जात असे.

शास्त्रात म्हटले आहे की प्रभू न्यायाला येईल तेव्हा दोघी दळत असतील. एक त्याच्याजवळ घेतली जाईल आणि एक मागे ठेवली जाईल. थोरली हे हसत हसत सांगायची.

“नीट धर गं खुंटा. प्रभू आत्ता आला तर काय म्हणेल?”

“म्हणेल, ताई, पीठ जाड आलंय!”

एका सकाळी अशाच हसण्यात थोरलीचा हात खुंट्यावरून निसटला. धाकटीच्या जोराने मी आणखी अर्धा फेरा फिरले. तिला वाटले, जाऊ गंमत करते आहे. थोरली पिठातच कलली होती. तिचे हृदय थांबले होते.

सासू खाटेवरून सगळे बघत होती. ती काही वाईट बाई नव्हती, पण थोरलीवर तिचा जीव होता, आणि जिभेला हाड नसते.

“शास्त्र खरं झालं,” ती धाकटीला म्हणाली. “तिला नेलं. तुला ठेवलं.”

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असे लोक म्हणतात. त्या घरात कुणीच हसले नाही. सासूचे बोलणे धाकटीला खरे वाटले. देवाने आपल्याला नाकारले, आता हात जोडून काय उपयोग, म्हणून तिने प्रार्थनेला जाणे सोडले. माझ्याकडे तर ती बघतही नसे. ज्या नगरावर देवाचा कोप होईल तिथे जात्याचा आवाज ऐकू येणार नाही, असेही शास्त्रात आहे. त्या शांततेत मी दगड असून भ्याले.

चर्चचे पाळक भेटायला आले तेव्हा तिने दारातच विचारले, “मी टाकलेली आहे का हो?”

म्हातारे पाळक म्हणाले, “मला कळत नाही, पोरी. तुझा निकाल अजून लागलेला नाही. माझाही नाही.”

एवढे बोलून ते गेले. त्यांनी काही गोड सांगितले असते तर तिला हलके वाटले असते. मला त्यांचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्यापाशी येऊन बसली. दोघींचे काम एकटीने करायचे म्हणजे हाल. दोन्ही हातांनी ओढताना तिचे तळवे सोलवटले. दळताना ती स्तोत्र म्हणू लागली आणि दर ओळीला तिचा आवाज फाटत होता.

“आता कशाला?” सासू म्हणाली. “तुला तर ठेवलंय.”

“असेल. पण न्याय त्यानं करायचाय, सासूबाई, तुम्ही नाही. तो नको म्हणाला तरी मी त्याचीच आहे. आणि तुम्ही जेवणार आहात ना?”

ती पुढे कित्येक वर्षे दळत राहिली. तिला कसला दृष्टान्त झाला नाही, की मनातली भीती गेली नाही. सासूने तो शब्द मागे घेतला नाही. मरेपर्यंत पीठ मात्र धाकटीच्याच हातचे खाल्ले. मग विजेची गिरणी आली आणि मला परसात टाकले. धाकटीही गेली. तिचा निकाल काय लागला, हे मला कुणी सांगितलेले नाही.

मित्रांनो, माझ्यावर पाणी घाला, मला घासा, असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरले. पण आपल्या माणसाचा निकाल देवाच्या आधी लावू नका. कुणी एकटीच दळत असेल तर समोर जाऊन बसा आणि खुंट्याला हात लावा. धाकटीसमोर इतक्या वर्षांत कुणीही येऊन बसले नाही.